कोरडी गाठ

व्हॅक्यूम क्लीनर घरघरून बंद पडला, तेव्हा किनुएनं कपाळावर हात मारून घेतला. उलटा करून बघते तर ब्रशाच्या दांडीला पुन्हा तेच. काचेसारखे पारदर्शक, ताठ, सोडवायला गेलं की आणखीच घट्ट बसणारे तुकडे. गुडघे कुरकुरत होते तरी ती कात्री घेऊन खाली बसली आणि एकेक तुकडा कापून ओढायला लागली. आत बसलेल्या नवऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "तुमच्या या तंगुसापायी माझा जीव जाणार आहे एक दिवस."

"तंगूस नव्हे, फ्लोरो," आतून इसोजी म्हणाला.

जीव जाण्याबद्दल त्याची काही हरकत नव्हती. शब्द तेवढा चुकायला नको.

इसोजी उशिमाए बंदरातला गळवाला. जाळं नाही, काठी नाही, हाताच्या बोटांवर दोरा धरून मादाई, म्हणजे सणाच्या ताटातला तो मानाचा लाल मासा, काढणारा. सामुद्रधुनीचं पाणी जिथे गरागरा फिरतं तिथे बोट नेऊन उभी करायची, दोरा सोडायचा आणि बोटाला काय कळतंय तिकडे लक्ष देऊन बसायचं, हेच त्यानं मिसरूड फुटायच्या आधीपासून केलं. त्याचा बापही हेच करायचा. बापाच्या काळात रेशमाचा दोरा होता, मग नायलॉनचा तंगूस आला, मग हा फ्लोरोकार्बन. वरचा लांबलचक दोरा कसलाही असला तरी चालतो, पण गळाजवळचे शेवटचे पाचेक वाव, दोन्ही हात पसरून मोजलेले, फ्लोरोचेच हवेत, कारण तो पाण्यात जवळजवळ दिसत नाही. मादाईची नजर भारी तीक्ष्ण. तंगूस दिसला की ती कोळंबीला तोंड लावता लावता परत फिरते. शिवाय तंगूस पाणी पितो, मऊ पडतो. फ्लोरो पाणी पीत नाही, झरझर खाली जातो, खडकाला घासला तरी लगेच हार मानत नाही. हे सगळं किनुएला पाठ होतं. या घरात जेवताना दुसरं काही कधी कानावर पडलंच नव्हतं.

आणि हा दोरा घ्यायचा म्हणजे कोण सोहळा! ओकुदाच्या दुकानात इसोजी खिडकीकडच्या फळीवरच्या रिळाला हात लावायचा नाही, का तर त्याला ऊन लागलेलं असतं. मागच्या अंधाऱ्या फळीवरचं रीळ काढायला लावायचं. मग हातभर दोरा सोडवून ताणायचा, सोडून द्यायचा, वेटोळं राहतंय का सरळ होतंय ते बघायचं, अंगठ्याच्या नखावरून ओढायचा, आणि शेवटी दोन्ही ओठांत धरून सगळा सरकवायचा. कुठे केसाएवढी खरवड असली तरी ओठांना कळते म्हणे. जाडी निवडताना तर तोंडाला कुलूप. जाड घ्यावा तर मादाईला संशय येतो, बारीक घ्यावा तर ती खडकात शिरून तोडून जाते, म्हणून ज्याचा त्याचा नंबर ज्याचं त्याचं गुपित. कोणी विचारलं तर एक नंबर वाढवून सांगायचा, हा बंदरातला रिवाज. ऐकणारा मनात एक वजा करून घेतो. मग हे सगळे मिळून लपवतात काय, ते किनुएला कधी समजलं नाही.

असा हा माणूस. आणि नव्या वर्षापासून त्याचा दोरा तुटायला लागला.

एकदा तुटला तेव्हा म्हणाला, मासाच मोठा होता. पुन्हा तुटला तेव्हा खडक. त्यानंतर मात्र रिळावर घसरला. हल्ली कारखान्यात कोणाला लाजच राहिली नाही, वरून चकचकीत आणि आतून कुजका माल भरतात, म्हणे. रोज दुपारी बोट लागली की जिन्यापाशी बूट आपटत तो ठरलेलं वाक्य म्हणायचा, "गेली. आली होती, गेली." आणि मग रीळ किनुएच्या हातात कोंबून तिला ओकुदाकडे पिटाळायचा. स्वतः जायचा नाही. तोंड हिनं दाखवायचं.

किनुए जायची. लाजेनं अर्धमेली होऊन रीळ पुढे करायची. ओकुदा बिचारा भला, काही न बोलता दुसरं द्यायचा. गुलाबी झाक असलेलं दिलं, महागडं मऊ दिलं, एक नंबर जाड दिलं. जाडाला मादाई लागेना, बाकीचे तुटले. शेवटी ओकुदाचाही धीर सुटला. त्यानं इसोजीला बोलावून घेतलं, त्याच्याच रिळातल्या दोऱ्याला गाठ मारून पाण्यानं भरलेली बादली लटकवली, आणि बादली दुकानाच्या तुळईला शांतपणे लोंबकळत राहिली. चारजण बघत होते.

"बादली काय मादाई आहे का?" इसोजी म्हणाला आणि तरातरा घरी आला.

पण खरा घोळ झाला तो त्सुमुगीच्या पहिल्या घासावरून. त्सुमुगी म्हणजे मुलाची, शुहेईची लेक, हिवाळ्यात झालेली. बाळ शंभर दिवसांचं झालं की ताटात अख्खी मादाई हवी, डोक्यापासून शेपटीपर्यंत, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं काडीनं तो घास बाळाच्या ओठाला लावायचा. बाळ काही खात नाही, पण जन्मभर अन्नाला कमी पडू नये म्हणून करायचं. या घरात ती मादाई आजोबाच्या हातची असायची. शुहेईच्या वेळेला इसोजीच्या बापानं काढली होती.

शुहेई काम करतो खाडीतल्या मत्स्यपालनाच्या पिंजऱ्यांवर. तिथे मादाई उचलायला माणसं कमी पडतात इतकी मादाई. तो साधेपणानं म्हणाला, "बाबा, एवढं कशाला मनाला लावून घेता? मी आणतो एक चांगली निवडून."

झालं. ठिणगी पडली. पेंड खाऊन खाऊन माजलेली, उथळ पाण्यात उन्हानं काळवंडलेली ती जनावरं, त्यांना मादाई म्हणायचं? माझ्या नातीच्या ओठाला ते लावायचं? इसोजीचा आवाज शेजारच्या शेजारच्या घरात गेला. एवढ्यावर थांबला असता तर ठीक. पण दुसऱ्या दिवशी ओकुदाच्या दुकानात, सगळ्यांच्या देखत, कोणी विचारलेलं नसताना तो बोलून बसला की नातीच्या ताटात माझ्या हातची मादाई पडली नाही तर मी बोट विकून टाकीन.

आणि बोललेलं गिळायचं हे त्या खानदानात कोणालाच जमलेलं नाही. दोन दिवसांत ही गोष्ट डोंगरापलीकडच्या खाडीत पोचली आणि तिथला एक माणूस येऊन बोट बघूनसुद्धा गेला. पाहुण्यांना फिरवायला वापरणार म्हणाला. वर छत घालणार म्हणाला. नातीचा सोहळा झाला की येतो, म्हणून सांगून गेला.

खरं तर किनुएनं आनंदानं नाचायला हवं होतं. ती बोट विकली जावी म्हणून तिनं किती वर्षं डोकं आपटलं होतं. पहाटे उठून भाताचे गोळे वळायचे, वारा फिरला की धक्क्यावर जाऊन उभं राहायचं, चटईत रुतलेले गळ पायांनी शोधायचे, आणि हे दोऱ्याचे तुकडे, हे मेले दोऱ्याचे तुकडे. गुडघे धड होते तोवर ती त्याच्याबरोबर बोटीवर जायची, तेव्हाही कोणी तिला शाबास म्हटलं नव्हतं. जाऊ दे ती बोट. घालू दे तिच्यावर छत.

पण आता इसोजी दुपारभर ओट्यावर बसून राहायला लागला. समोर रिळांचा ढीग, आणि हात मांडीवर तसेच पडलेले. शिव्यासुद्धा कमी झाल्या. ते बघून किनुएला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटेना. आणि वाटेना म्हणून तिला त्याचाच राग आला. हा माणूस बोटीवर नसला तर दिवसभर करणार काय? इथेच बसणार. चहा मागणार. आधीच त्याचा चहा किती वाढला होता! उठला की चहा, बसला की चहा, जेवताना भात घशाखाली जात नाही म्हणून चहा. वर पेपर वाचताना कपात बोट बुडवायची नवी खोड लागली होती. पानाच्या कोपऱ्याला बोट लावून उलटायचं ना, ते बोट चहात बुडवून. रोजच्या पेपराचे सगळे कोपरे तपकिरी.

सोहळ्याला थोडे दिवस उरले होते तेव्हा याच पेपरावरून किनुए भडकली. तिला तो भाजी गुंडाळायला लागायचा. ती म्हणाली, "अहो, लहान पोर आहात का? जिभेला लावा की बोट, आजवर लावत होतात तसं. कप कशाला बरबटवता?"

"लावतो की जिभेला. पान नाही सरकत त्यानं," इसोजी म्हणाला आणि पुन्हा बोट बुडवलं.

ती पुटपुटत स्वयंपाकघरात गेली आणि सिंकपाशी तशीच उभी राहिली. पान सरकत नाही. भात गिळवत नाही. मग तिला आठवलं ते दवाखान्यातलं. नव्या वर्षाच्या सुरुवातीला त्याचा रक्तदाब वाढला, तेव्हा डॉक्टरनं पांढरी गोळी दिली होती आणि म्हणाला होता की हिच्यानं तोंड कोरडं पडेल, पाणी पीत राहा. तिनं मान डोलावली होती. इसोजी त्या वेळी भिंतीवरचं माशांचं कॅलेंडर बघत होता.

तिनं हात पुसले आणि बाहेर येऊन ओट्याखालची टोपली ओढली. तुटून आलेले दोरे तो रागानं तिच्यात फेकायचा. खडकानं कापलेल्या दोऱ्याचं टोक खरबरीत असतं. माशाच्या दातानं तुटलं तर चपटं. ही टोकं तशी नव्हती. पांढुरकी पडलेली आणि शेवटाला गुंडाळलेली, केस दिव्यावर धरला की वळतो तशी. एक नाही, सगळी. दोरा नव्हता तुटत. गाठ जळत होती.

फ्लोरोची गाठ कोरडी ओढली की घासूनच तापते आणि तिथला दोरा मरतो, दिसायला घट्ट पण आतून गेलेला. म्हणून वेढे घातले की तोंडात धरून भिजवायचे आणि मगच सावकाश ओढायचं. या बंदरात तोंडानंच. समुद्राचं पाणी गाठीला लावायचं नाही, मादाईला आधीच वर्दी जाते, असं म्हाताऱ्यांनी सांगून ठेवलेलं, आणि चहा नाहीतर नळाचं पाणी लावणाऱ्याला तर बंदरभर हसतील. इसोजीही तोंडातच धरत होता. पण तोंडात ओल होती कुठे? आणि रिळात खोट शोधणारे ते ओठ, ते तरी आता काय सांगणार होते, कपाळ!

इतके दिवस हा माणूस कारखान्यांना, ओकुदाला, मादाईला आणि तिला शिव्या घालतोय, आणि कारण काय तर एवढंसं. आता आत जावं आणि सांगून टाकावं. पण पायरीवरच ती थबकली. सांगितलं तर तो काय करील हे तिला पक्कं ठाऊक होतं. गोळ्यांची डबी उचलील आणि धक्क्यावरून समुद्रात फेकून देईल. वर म्हणेल, बघ, आता ओलं झालं तोंड. त्याचा बाप हातजाळं विणता विणता डोक्यातली शीर तुटून गेला होता. तेव्हा जवळ किनुएच होती. म्हणजे सांगितलं तर गोळी जाते, नाही सांगितलं तर बोट जाते. असल्या माणसाशी लग्न करून दिल्याबद्दल तिनं आपल्या कधीच्याच वारलेल्या आईबापांना मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

मग तिला उमेबोशीची बरणी आठवली. खारवलेल्या त्या आंबट फळाचं नुसतं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं. पण डॉक्टरनं मीठ तोडलं, तेव्हा तिनंच ती बरणी कपाटाच्या मागे दडवली होती. इसोजी महिनाभर तिच्याशी धड बोलला नव्हता. आता तिनं गुपचूप बरणी काढली, दोन उमेबोशी पाण्यात घालून ठेवली, पाणी पुन्हा पुन्हा बदललं, सगळा गर काढून टाकला आणि बी तेवढी ठेवली. मीठ गेलं, आंबटपणा राहिला. सोहळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं एक बी कागदात बांधून त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "बोटीवर चघळा. गिळू नका."

इसोजी त्या पुडीकडे बघतच राहिला. मग तिच्याकडे बघितलं. चेहरा असा उजळला की किनुएला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तिला घरी बसवेना. पोरीचा सोहळा उद्यावर आणि आपण इथे मुळे किसत बसायचं? तिनं गमबूट घातले आणि त्याच्या मागोमाग धक्क्यावर गेली. गुडघ्यांचं काय, असं त्यानं विचारलं. तुम्हाला काय करायचंय, असं ती म्हणाली. एवढ्यावर भागलं.

सामुद्रधुनीच्या तोंडाशी भरती-ओहोटीच्या मधलं पाणी नुकतं मंदावत होतं, गळ टाकायची हीच वेळ. डोंगरउतारावर जंगली चेरी फुटली होती, म्हणजे मादाई वर येण्याचे दिवस. इसोजीनं बोट प्रवाहात सरळ केली, फ्लोरोचा तुकडा घेतला, गळाच्या दांड्याला वेढे घातले. गळाची गाठ त्याचीच. बाकी सगळं किनुएनं वर्षानुवर्षं केलं होतं, वाव मापणं, शिसं अडकवणं, गुंडाळणं. पण गळाची गाठ त्यानं तिला एकदाही बांधू दिली नव्हती. त्यानं वेढे ओठांत धरले आणि ओढले. किनुए समोरच बसली होती. तिला तो बारीक करकर आवाज आला आणि गाठीपाशी पांढरा ठिपका दिसला.

"बी कुठाय?" तिनं विचारलं.

"आहे."

"तोंडात?"

"खिशात. उद्याला ठेवलीय. तू पुन्हा कधी देणार, काय भरवसा?"

किनुएनं एप्रनच्या खिशातून कात्री काढली, पुढे वाकली आणि त्याच्या हातातली गाठ कचकन कापून टाकली. गळ बोटीच्या तळाशी टणकन पडला.

"डोकं फिरलंय का तुझं? पाणी थांबलंय, वेळ जातोय, आणि..."

"दोऱ्याला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "ऐकताय? दोरा चांगला आहे. पहिल्या दिवसापासून चांगला आहे."

तो ओरडेल म्हणून ती तयारीत होती. पण इसोजी ओरडला नाही. त्यानं दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "ओकुदाची बादली मी पण बघितली की. मला वाटलं, माझे हात गेले. हातच गेले असं लोकांना सांगू का मग? त्यापेक्षा दोरा वाईट म्हटलेलं बरं."

किनुएच्या मनातलं सगळंच एकदम वर आलं. "ठाऊक होतं? ठाऊक होतं आणि मला रिळं घेऊन गावभर हिंडवलंत? त्या भल्या माणसापुढे माझं नाक कापलंत? हात गेले म्हणे! हातांना धाड भरलेली नाही तुमच्या. तोंड सुकलंय तुमचं, तोंड! ती पांढरी गोळी घेता ना, तिच्यानं. डॉक्टरनं सांगितलं होतं. गाठ कोरडी ओढता आणि जाळता, एवढंच आहे ते. आणि ती गोळी पाण्यात टाकायचं मनातसुद्धा आणलंत तर घरी येऊ नका, इथेच राहा मादायांत."

बोट हलके हलके डुलत होती. इसोजीनं जीभ टाळूला लावून बघितली. मग पुन्हा एकदा, नीट, बी शोधावी तशी. "एवढंच?" त्यानं विचारलं.

"एवढंच."

त्याचा हात खिशाकडे गेला. गोळ्यांची डबी त्याच खिशात असायची, म्हणून किनुए पुढे सरसावली. पण त्यानं रुमाल काढून तोंड पुसलं, डोळेही पुसले, आणि रुमाल परत ठेवला. तळाशी पडलेला गळ उचलला. दोऱ्याचे वेढे घातले, एक, एक, सावकाश. आणि न ओढताच ती सैल गाठ तिच्या तोंडासमोर धरली.

"घे. लवकर. पाणी फिरेल."

किनुएनं ती गाठ तोंडात घेतली. लोखंडाची आणि कोळंबीची चव लागली. तिनं ती चांगली भिजवली, जिभेनं फिरवून भिजवली, आणि परत दिली. इसोजीनं ओढली. या वेळी आवाज आला नाही. वेढे एकावर एक गपचूप बसले आणि गाठ काचेच्या मण्यासारखी स्वच्छ राहिली. तो तिच्याकडे न बघताच हुंकारला.

पहिल्यांदा दोरा सोडला तेव्हा काही नाही. कोळंबी कोणीतरी अर्धी खाऊन गेलं. दुसऱ्यांदाही नाही. प्रवाह उलटा फिरायला लागला आणि इसोजीच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. तिसऱ्यांदा शिसं तळाला टेकलं, त्यानं दोन वाव वर घेतलं आणि थांबला. किनुएनं त्याच्या तर्जनीकडे बघितलं. ते बोट किंचित वाकलं. मग त्याचा हात असा काही वर गेला की ती मागे सरकली.

दोरा सरसर गेला. त्यानं जाऊ दिला, धरला, पुन्हा जाऊ दिला. खाली मासा डोकं झटकत होता, त्याचे हिसके इसोजीच्या कोपरापर्यंत येत होते. खडकाकडे निघाली, असं तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी ताण दिला. याच ठिकाणी आजवर सगळ्या गेल्या होत्या. किनुए दोऱ्याकडे नाही, त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या लक्षात आलं की तिला ही बोट विकली जायला नको आहे. कधीच नको होती. या जाणिवेनं तिला आणखीच वैताग आला.

दोरा टिकला. मादाई वर आली, आडवी, दमलेली, उषेसारखी लाल आणि पाठीवर निळे ठिपके. किनुएनं हातजाळं तिच्याखाली घातलं. इसोजीनं सगळ्यात आधी गळापाशी बघितलं. गाठ तशीच्या तशी होती.

दुसऱ्या दिवशी घर भरलं. शुहेईनं आपली एक मादाई बर्फाच्या पेटीत घालून आणलीच होती, लागली तर असावी म्हणून, आणि ती त्याच्या बायकोनं, मिसाकीनं, मुकाट्यानं दाराआड सरकवली. ताटात इसोजीची मादाई मिठात भाजून ठेवली होती, शेपटी वर उचललेली. बाजूला लाल भात, सार, दात बळकट व्हावेत म्हणून एक गोटा, आणि वाटीत एक उमेबोशी. इसोजीची नजर उमेबोशीवर होती. किनुएची नजर इसोजीवर.

ओकुदाही आला होता. ताटाकडे बघून त्यानं सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "मग शेवटी कुठला दोरा जमला, इसोजीसान? किती नंबर?"

किनुए मनात म्हणाली, आता पाच सांगणार.

"चार," इसोजी म्हणाला. ओकुदा सवयीनं एक वजा करायला लागला, तर इसोजी म्हणाला, "खरंच चार. तुझ्याच दुकानातला, तू बादली टांगली होतीस तोच. दोरा चांगलाच होता. माझं तोंड सुकलं होतं गोळीनं, गाठी जळत होत्या. ही गाठ हिनं भिजवली." आणि मानेनं किनुएकडे दाखवलं.

शुहेई आईकडे बघायला लागला. किनुएचे कान तापले. एवढ्या वर्षांत एक चांगला शब्द नाही, आणि काढला तो नेमका माणसं जमलेली असताना, आणि तोही थुंकीबद्दल. तिनं घाईघाईनं काडीवर मादाईचा कण घेतला आणि मिसाकीच्या मांडीवरच्या त्सुमुगीच्या ओठाला लावला. पोरीनं ओठ हलवले, हसली, आणि तिच्या तोंडातून लाळेची धार लागली. हनुवटीवरून, लाळेऱ्यावरून, किनुएच्या मनगटावरून थेट ताटापर्यंत.

इसोजी पुढे वाकून बघत राहिला. असं काही त्यानं कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

"बघा, बघा," तो म्हणाला. "केवढी ओल! मोठी झाली की हिलाच नेऊ बोटीवर."

"आणि तोवर?" किनुएनं मनगट पुसत विचारलं.

"तोवर तू आहेस की. उद्या पाणी लवकर थांबतंय, लवकर ऊठ."

डोंगरापलीकडच्या त्या माणसाला येऊ नका म्हणून कोणी कळवलंय का, असं किनुएनं विचारलं, तर अर्थातच कोणी कळवलं नव्हतं. तेही तिनंच करायचं होतं. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, फोनपाशी गेली आणि जाता जाता ताटातली उमेबोशीची वाटी उचलून बरोबर घेऊन गेली.